टाइमलाइन (चलचित्र संकलन)

चलचित्र संकलनाच्या संगणकप्रणालीत चित्र व ध्वनी यांचे तुकडे ज्या आडव्या पट्ट्यांवर क्रमाने मांडले जातात, त्या भागास टाइमलाइन असे म्हणतात. ‘कालपट्ट’ हा शब्द अधिक अर्थवाही ठरला असता. परंतु व्यवहारात टाइमलाइन हाच रूढ झाला आहे. केडेनलाइव्ह, शॉटकट, डाविंची रिझॉल्व्ह इत्यादी प्रणालींत तिची मूळ रचना सारखीच असते.

रचना

काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. सामान्यतः वरच्या ट्रॅकवरील चित्र खालच्या चित्राला झाकते. प्लेहेड ही उभी रेषा ज्या क्षणावर असेल तीच चौकट पडद्यावर दिसते. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी हे प्रमाण प्रचलित आहे, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. त्यामुळे ००:०१:१०:१२ या कालांकाचा अर्थ १ मिनिट, १० सेकंद व १२ चौकटी असा होतो. शेवटचा आकडा २४ च्या पुढे जात नाही.

दृश्य मोठे केल्यास तुकडा लांबलेला दिसतो, पण त्याचा कालावधी बदलत नाही. नकाशाचे प्रमाण बदलल्याने कऱ्हाड ते सांगली हे अंतर बदलत नाही, तसेच हे. तुकडा कापल्याने मूळ फाइलही कापली जात नाही; टाइमलाइनवर केवळ तिच्यातील आरंभ व अंत यांची नोंद असते.

तुकडा साधेपणाने पुसल्यास रिकामी जागा उरते. ‘रिपल’ पद्धतीने पुसल्यास पुढील तुकडे मागे सरकून ती भरून काढतात. अशा वेळी ध्वनीचा ट्रॅक कुलूपबंद राहिला, तर पुढे सर्वत्र ओठ आणि शब्द यांची फारकत होते. मोबाइलवरील चित्रीकरणात चौकटींची गती अनेकदा कमीजास्त होते, त्यामुळेही ध्वनी हळूहळू सुटत जातो. असे चित्रीकरण आधी स्थिर गतीत रूपांतरित करून घेणे श्रेयस्कर.

टाइमलाइनवरील क्रम आणि घटनाक्रम

टाइमलाइनवरील काळ हा चित्रपटाचा काळ असतो, घटनेचा नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. धरणांतील विसर्ग याला कितपत कारणीभूत, यावर मोठा वाद झाला व शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीस पोहोचण्यास कित्येक तास लागतात. संकलकाने उघडलेल्या दरवाजांच्या दृश्याला सांगलीतील बुडालेली गल्ली लगेच जोडली, तर हे तास एका कापात नाहीसे होतात आणि प्रेक्षकापुढे आयता निष्कर्ष उभा राहतो. पूरग्रस्ताचे बोलणे मधून कापून वर पाण्याचे दृश्य ठेवले, तर काही गाळल्याचे कोणास कळतही नाही.

म्हणून अशा माहितीपटात स्थळ, दिनांक व वेळ यांची पाटी वेगळ्या ट्रॅकवर द्यावी. फाइलच्या दिनांकावर मात्र विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठविलेल्या चित्रफितीचा दिनांक बहुधा ती मिळाल्याचा असतो, चित्रीकरणाचा नसतो. पुलाजवळील पातळीचे आकडे चौकटीत दिसत असतील, तर २००५ व २०१९ च्या पुरांची दृश्ये वेगळी ओळखण्यास त्यांचा अधिक उपयोग होतो.