मिनिटाला 60 पानं

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेने जुनं दप्तर स्कॅन करायचं ठरवलं, तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. यंत्र कोणतं घ्यायचं यावर बैठक झाली आणि दप्तर सांभाळणाऱ्या मामांना त्या बैठकीला बोलावलंच नव्हतं, हे कानावर आलं होतं. ते मला खटकलं.

दप्तराची खोली जिन्याखाली. दार उघडताच डांबरगोळ्या आणि कुबट कागद यांचा वास नाकात शिरतो आणि घरी गेल्यावरही शर्टाला राहतो. लाल फडक्यातले गठ्ठे, शिवलेली इतिवृत्तं, कर्जप्रकरणांच्या फुगलेल्या फायली. कुठलं वर्ष कुठल्या फळीवर आहे, ते मामा दिवा न लावता सांगतात.

विक्रेत्याने आणलेलं यंत्र देखणं होतं. वर गठ्ठा ठेवायचा, बटण दाबायचं. मिनिटाला 60 पानं, दोन्ही बाजू एकदम. स्वतःच्या करकरीत कागदांवर त्याने ते करूनही दाखवलं. व्यवस्थापक खूश. तेवढ्यात मामांनी एका फायलीतून पावतीची कार्बन प्रत काढली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कडेला कसर लागलेली.

"साहेब, हा यात घातला तर अख्खा परत येईल का?"

असे कागद पारदर्शक पाकिटात घालून सोडायचे, असं उत्तर आलं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण एकेक कागद पाकिटात भरायचा, तर मिनिटाला 60 पानं कुठून होणार?

मग मामांनी गंजलेली टाचणी काढून दाखवली. ते ती ओढत नाहीत. जुन्या एक्सरेची कापलेली पट्टी टाचणी आणि कागद यांच्यामध्ये हळूच सरकवतात, गंज सुटेपर्यंत थांबतात आणि मगच टाचणी मागे घेतात. कागदावर तपकिरी डाग राहतो, पण भोक मोठं होत नाही. एका कर्जप्रकरणात अशा कितीतरी टाचण्या आणि वर स्टेपल. धूळ पुसायची, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, पानांचा क्रम लावायचा. वेळ जातो तो इथे, आणि तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. मिनिटाला 60 पानं हा आकडा या टेबलापाशी निरर्थक ठरतो.

पुढची अडचण मापाची. साध्या सपाट स्कॅनरची काच ए4, म्हणजे 297 मिलिमीटर लांब. जुने मुद्रांक आणि फुलस्केप कागद त्याहून लांब. खालची सही काचेबाहेर राहिली, तर त्या प्रतीचा उपयोग काय? शिवलेल्या इतिवृत्तांचं दुखणं वेगळं. स्वस्तातल्या पातळ स्कॅनरना कागद काचेला टेकलेला लागतो. शिवणीजवळ पान उचललं गेलं की तिथली अक्षरं धूसर येतात. वही दाबून सपाट करायला गेलं, तर शिवण उसवते. अशा वह्यांना वरून टिपणारा कॅमेऱ्याचा स्कॅनरच हवा. तो काही दिवसांपुरता भाड्याने मिळाला तरी भागतं.

बाकी गोष्टी पटकन ठरतात. मजकुराला 300 डीपीआय पुरे, फोटो आणि पुसट शिक्क्यांना 600. छापील मराठी संगणकाला बऱ्यापैकी वाचता येतं, हस्ताक्षराचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक प्रतीला वर्ष, खातेक्रमांक आणि विषय असं नाव द्यावं लागतं. तेही सांगणार मामाच.

माझं मत स्पष्ट आहे. पैसे एकाच यंत्रापुरते असतील, तर लहान कार्यालयाने ए3 काचेचा सपाट स्कॅनर घ्यावा. तो हळू चालतो, पण कागद फाडत नाही. गठ्ठा ओढणारं यंत्र अलीकडच्या छापील व्हाउचरांसाठी नंतर घेता येईल.

आणि खरेदीआधी एवढं कराच: विक्रेत्याला सभागृहात नव्हे, दप्तरात बोलवा. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि तुमच्याकडचा सगळ्यात जीर्ण कागद त्याच यंत्रावर, तुमच्यासमोर स्कॅन करून मागा. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत मात्र घालू नका. वसुलीचा दावा उभा राहिला की कोर्ट आधी मूळ करारपत्रच मागतं.