नवा गेम आणि वाट पाहण्याचे आरोग्य

बारा-तेरा वर्षांचा मुलगा सकाळपासून जेवणाकडे लक्ष देत नाही. दर दहा मिनिटांनी आईचा मोबाइल मागतो, रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जातो, आणि संध्याकाळी धाकट्या बहिणीवर विनाकारण खेकसतो. पोटात दुखते म्हणून रात्री लवकर निजतो. पण झोप मात्र येत नाही. खोदून विचारले तर उत्तर मिळते, “आज नवा गेम आलाय. सगळ्यांना मिळाला, मलाच नाही!” मोठ्यांना यावर हसू येते, किंवा राग येतो. या दोन्ही प्रतिक्रिया आपण क्षणभर बाजूला ठेवू. मुलाची तगमग खरी आहे, ती त्याच्या शरीरातही उमटते, आणि ती कशी हाताळली जाते यावर त्याच्या पुढील कित्येक सवयी अवलंबून असतात.

जगाची तारीख आणि आपले गाव

नव्या गेमचा ‘रिलीज’चा दिवस साऱ्या जगासाठी एकच जाहीर होतो. प्रत्यक्षात मात्र तो दिवस सर्वत्र सारखा उगवत नाही. शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही गावे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आहेत. तेथील मुलाला निदान ठाण्याला कामावर जाणाऱ्या बाबांकडून गेमची डिस्क मागवता येते. डोळखांब किंवा किन्हवलीच्या बाजूच्या मुलाला आधी आसनगाव गाठावे लागते. मुरबाड तालुक्यात तर अद्याप रेल्वेच धावत नाही. टोकावडे, धसई, सरळगाव येथून निघालेल्या माणसाला मुरबाडमार्गे कल्याण गाठण्यास रस्त्याचाच आधार. म्हणजे एका डिस्कसाठी जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि दुकानदार म्हणतो, “संपली, पुढच्या आठवड्यात बघा.”

डिस्क नको, मोबाइलवरच गेम उतरवून घेऊ, असे म्हणावे तर तेथे निराळी अडचण. अनेक घरांत दिवसाला दीड जीबी इतकाच डेटा असतो. त्यावर मुलांचा अभ्यास, बाबांचे कामाचे निरोप, आजीची कीर्तने हे सारे चालायचे. मोठ्या कन्सोलवरील आजचे काही गेम नव्वद जीबीच्या घरात जातात. हिशेब करून पाहा: रोजचा सगळाच्या सगळा डेटा त्यावर खर्च केला, तरी साठ दिवस लागतील! मोबाइलचा गेम त्या मानाने लहान. पण अर्धा उतरला की वीज जाते, नाहीतर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना झळकते. मग घरातील जुने फोटो पुसण्यावरून वाद सुरू होतो.

तीन तारखांची आठवण

आपल्या मुलांनी गेल्या काही वर्षांत अशा तारखा अनुभवल्या आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा मुलांचा लाडका गेम होता. त्याचा भारतीय अवतार ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ २ जुलै २०२१ रोजी अँड्रॉइड मोबाइलवर सर्वांसाठी खुला झाला. त्याआधी जूनमध्ये मर्यादित जणांनाच प्रवेश होता. जागा भरल्या की बाकीच्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसायचे. आपल्या भागात ते दिवस भाताच्या आवणीचे. घरची मोठी माणसे चिखलात, आकाश भरलेले, वीज येऊन-जाऊन, आणि मुलगा पडवीत मोबाइल उंच धरून उभा! पुढे २८ जुलै २०२२ रोजी हाच गेम ॲपच्या दुकानांतून अचानक नाहीसा झाला आणि २०२३च्या मे महिन्याच्या अखेरीस परतला. तेव्हा करवंदे-जांभळे सरत आली होती आणि सुट्टीही.

दुसरे उदाहरण ‘प्लेस्टेशन ५’ या कन्सोलचे. भारतात त्याची आगाऊ नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजी दुपारी १२ वाजता सुरू झाली आणि काही मिनिटांतच संपली. विक्रीचा दिवस होता २ फेब्रुवारी. किंमत ४९,९९० रुपये. तरीही हाती पैसे घेऊन बसलेल्या अनेकांना ते यंत्र कित्येक महिने मिळाले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही निराशा केवळ खेड्यातील वा गरीब घरातील नव्हे. मुंबई-पुण्याच्या मुलांनीही ती भोगली. ‘आपण गावात राहतो म्हणूनच मिळत नाही’ हा सल मुलाच्या मनात रुजत असेल, तर त्याला हे अवश्य सांगावे.

मेंदूत काय घडते?

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर काही प्रयोग केले. माकडाला खुणेचा दिवा दाखवला जाई आणि त्यानंतर फळांच्या रसाचे थेंब दिले जात. सुरुवातीस रस मिळाल्यावर मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी उद्दीपित होत. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच उद्दीपित होऊ लागल्या. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही तर? ज्या क्षणी रस अपेक्षित होता, नेमक्या त्याच क्षणी त्या पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीखाली घसरे. आपल्या भाषेत ज्याला आपण हिरमोड म्हणतो, त्याची ही जणू पेशींमधील नोंदच.

जाहिरात, झलक, उलटी मोजणी, मित्रांची चर्चा हे सारे त्या दिव्यासारखे. महिनाभर दिवा पेटता ठेवायचा आणि ठरल्या दिवशी ‘सर्व्हर व्यस्त आहे’ अशी पाटी दाखवायची, हे मुलाच्या मेंदूसाठी रस हिरावून घेण्यासारखेच आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला: एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे, या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. म्हणूनच जिवाचे रान करून मिळवलेला गेम आठवड्याभरात कोपऱ्यात पडलेला दिसतो. मूल त्या वेळी लबाडी करत नसते. त्याची ओढ खरी होती, आवड मात्र तेवढी नव्हती.

म्हशाच्या यात्रेची वाट आणि गेमची वाट

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे दरवर्षी पौष पौर्णिमेला यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे, मिठाई या साऱ्याची वाट पंचक्रोशीतील मुले महिनोन् महिने पाहतात. पण त्या प्रतीक्षेने कुणाचे पोट दुखत नाही, झोप उडाली तरी ती आनंदाने उडते. असे का? कारण तिथी ठरलेली असते, यात्रा कुणा एकासाठी संपत नाही, आणि सगळे घर मिळून वाट पाहत असते. गेमच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. मिळेल की नाही हे ठाऊक नाही, इतरांना आधी मिळण्याची धास्ती आहे, आणि मूल एकटेच झुरत आहे. मुलांना वाट पाहता येते. त्यांना सोसत नाही ती अनिश्चितता.

याला संशोधनाचाही आधार आहे. लहान मुलाला एक गोड खाऊ देऊन ‘थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगण्याचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सर्वपरिचित आहे. २०१३ साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक भर घातली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना खाऊ देण्यापूर्वी चांगले रंग व स्टिकर आणून देण्याचे वचन दिले. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, निम्म्यांच्या बाबतीत मोडले. त्यानंतर खाऊसमोर बसवल्यावर, ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा विश्वास मोडला होता ती जेमतेम तीन मिनिटे. प्रयोगातील मुले अवघी २८ होती, तरी त्याचा अर्थ पालकांनी मनाशी धरावा असाच आहे. संयम हा केवळ मुलाचा गुण नव्हे. मोठ्यांच्या शब्दावर त्याचा जो विश्वास असतो, त्यातून तो उगवतो. ‘बघू’, ‘उद्या आणू’, ‘पगार झाला की’ अशी उत्तरे आपण मुलाला शांत करण्यासाठी देतो. त्यांतून मूल धीर धरायला शिकत नाही. धीर धरण्यात अर्थ नसतो, एवढेच शिकते.

पहिला दिवस हा उत्तम दिवस नव्हे

मुलाशी बोलताना एक खरी हकिगत उपयोगी पडेल. पोलंडमधील एका कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्यात इतके दोष निघाले की सोनी कंपनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१मध्ये तो बऱ्याच दुरुस्त्या होऊन परतला. म्हणजे ज्यांनी सहा महिने धीर धरला त्यांच्या पदरी त्या मानाने बरा गेम पडला. आंब्याच्या बाबतीत हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. पाड लागल्याखेरीज आपण अढी घालत नाही. हा गेम प्रौढांसाठीचा होता, हेही येथे नोंदवावे. पुष्कळ गाजलेले गेम अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच असतात, आणि मुले ज्याची डोळे लावून वाट पाहतात त्या ‘जीटीए’ मालिकेतील २०१३चा पाचवा गेमही त्यांतलाच. त्यामुळे ‘कधी मिळेल?’ या प्रश्नाआधी ‘आपल्या वयाचा आहे का?’ हा प्रश्न घरात विचारला जावा.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, भावनेला नाव द्यावे. “एवढ्याशा खेळासाठी काय रडतोस?” असे म्हणण्याऐवजी “इतके दिवस वाट पाहिलीस आणि मिळाला नाही, म्हणून वाईट वाटतंय ना?” असे म्हणून पाहावे. यात हट्ट पुरवण्याची कबुली नाही, पण मुलाचा एकटेपणा सरतो. त्यानंतर त्याला अंगण, ओटा, सायकल किंवा विहिरीवरची खेप अशा शरीर हलवणाऱ्या कामात सामील करून घ्यावे. चिडलेले शरीर आधी शांत होते, मन मागून येते.

दुसरी गोष्ट, घरची तारीख ठरवावी. बाजाराची तारीख बाजारापाशी राहू द्यावी. “रिलीजनंतरच्या तिसऱ्या रविवारी आपण पाहू, परवडला आणि वयाला योग्य असला तर घेऊ,” असे भिंतीवरील दिनदर्शिकेवर मुलाच्या हातानेच लिहवून घ्यावे. घेणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. स्पष्ट नकार मुलाला एकदा रडवतो. लोंबकळती आशा रोज रडवते. मात्र दिनदर्शिकेवर लिहिलेली तारीख काहीही झाले तरी पाळावी.

तिसरी गोष्ट, मर्यादा घरच्या असाव्यात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला तेव्हा कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च अशा मर्यादा जाहीर केल्या होत्या. दिवसाला सात हजार! आपल्या भागातील कित्येक घरांचा महिन्याचा किराणा त्याहून कमी पैशांत भागतो. कंपनीची मर्यादा म्हणजे घराची मर्यादा नव्हे, हे यावरून उमजावे. मोबाइलवरील पैसे भरण्याचा गुप्त क्रमांक मुलाच्या हाती देऊ नये.

चौथी गोष्ट, आडवाटेने आलेल्या गेमपासून सावध राहावे. अधिकृत जागी गेम मिळाला नाही की व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून किंवा ओळखीच्या दादाकडून तो उतरवून घेण्याचा मोह होतो. अशा फायलींतून मोबाइलमधील संदेश, छायाचित्रे व बँकेची माहिती चोरीस जाऊ शकते. तसा प्रकार घडला तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. आणि मुलाने हे आपणहून सांगितले असेल, तर त्याला मारू नये. मारले तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

पाचवी गोष्ट, रात्र राखावी. गेम मध्यरात्री खुला होणार असला तरी सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि किशोरवयीन मुलाला आठ ते दहा तास झोप हवीच. मोबाइल रात्री आईबाबांच्या खोलीत चार्जिंगला असावा. आणि हा नियम आईबाबांनीही पाळावा.

केव्हा सावध व्हावे?

एका दिवसाची चिडचिड म्हणजे आजार नव्हे. परंतु खेळावरील ताबा सुटणे, शाळा, जेवण, मित्र यांपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो थांबवता न येणे, या तीन खुणा एकत्र व दीर्घकाळ, साधारणपणे वर्षभर, दिसू लागल्या तर जागतिक आरोग्य संघटना त्यास गेमिंगचा विकार मानते. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा समावेश आहे. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर थांबू नये. मुलगा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दूरध्वनीने मोफत सल्ला मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी जाण्याइतका वेळ नसलेल्या घरांना तो विशेष सोयीचा.

वाचकहो, येत्या काळातही नवे गेम येतील, त्यांच्या तारखा जाहीर होतील, पुढे ढकलल्या जातील, आणि आपल्या गावी पोहोचायला त्यांना आणखी उशीर होईल. त्या तारखा आपल्या हातात नाहीत. मुलाला दिलेला शब्द मात्र आपल्या हातात आहे. तो नेमका द्यावा, बेताचा द्यावा, आणि दिला की पाळावा.