सारायेव्होचा विदूषक

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो हिच्यावर ओढवणारें संकट ज्या थोड्या विनोदी मंडळींनीं आधींच रंगवून दाखविलें, त्यांतील एका गायक-लेखकाची ओळख श्रोत्यांना आज करून द्यावयाची आहे.

त्याचें नांव नेनाद यान्कोविच्. लोक त्याला नेले काराय्लिच् या टोपणनांवानें ओळखतात. त्याचा जन्म १९६२ सालीं सारायेव्होंत झाला. वडील विद्यापीठांत पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. १९८० सालीं त्यानें मित्रांसह ‘धूम्रपानास मनाई’ अशा अर्थाच्या नांवाचा रॉक संगीताचा वृंद काढला. वाद्यें पाश्चात्य, पण भाषा गल्लीबोळांतली. तुर्की अमलांत रुजलेले ‘महाला’, ‘शेय्तान’ हे शब्द, म्हणजे आपले मोहल्ला आणि सैतान, त्या बोलींत सहज येतात. १९८४ सालच्या पहिल्या तबकडीच्या प्रथम अवघ्या ३,००० प्रती निघाल्या. पुढें खप लाखाच्या घरांत गेला.

त्याच वर्षीं रियेका येथील जलशांत ध्वनिवर्धक यंत्र बंद पडलें. तें ‘मार्शल’ बनावटीचें होतें. मार्शल मेला, असें नेले म्हणाला, आणि आपण यंत्राबद्दल बोलतों अशी पुस्तीहि त्यानें जोडली. परंतु युगोस्लाव्हियाचे सर्वाधिकारी मार्शल टिटो १९८० सालींच निवर्तले होते! वृत्तपत्रांनीं गहजब केला. जलसे रद्द झाले.

या मंडळींचा विनोदी कार्यक्रम १९८१ सालीं सारायेव्हो नभोवाणीवर सुरू झाला व १९८४ पासून दूरचित्रवाणीवर आला. युद्धापूर्वींच्या एका प्रवेशांत त्यांनीं भिंत घालून सारायेव्होचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. दुसऱ्यांत एकाच बिऱ्हाडांतील खोल्याखोल्यांत लढाई जुंपली व परदेशी निरीक्षक मध्यस्थीस आले. लोक पोट धरून हंसले. १९९२ सालीं शहरास वेढा पडला. तो १९९६ पर्यंत उठला नाहीं.

वृंदाचेंहि शहराप्रमाणेंच झालें. नेले १९९२ मध्यें बेलग्रेडला गेला व तेथें त्यानें वेगळा वृंद उभारला. जुना सहकारी दावोर सुचिच् यानें मूळ नांव पुढें चालविलें. नेलेच्या जाण्याबद्दल सारायेव्होंत कडवटपणें बोललें गेलें. २०१४ सालीं त्यानें तरुणपणच्या त्या शहरावर पुस्तक लिहिलें. ‘सारायेव्होंतील फायराँट’ हें त्याचें नांव. फायराँट म्हणजे मद्यगृहाचीं दारें बंद होण्याची वेळ.

विनोदाला पुढचें दिसतें. तें टाळण्याची शक्ति मात्र हंसणाऱ्यांच्या हातीं असते.