पहिली शर्यत

वाचकहो, जबलपूरचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात. परंतु या शहरातील कित्येक घरांना नर्मदेइतकीच जवळची वाटणारी आणखी एक वस्तू आहे, ती म्हणजे मोटार. १९०४ साली स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ पासून जर्मन कंपनी 'मान'च्या सहकार्याने 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागले. पुढे वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. सैन्याची सुप्रसिद्ध 'जोंगा' गाडी येथलीच. तिच्या नावातील पहिले अक्षरदेखील जबलपूरचे आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर याच शहरात आहे. तिच्या सासऱ्यांनी उमेदीची सारी वर्षे ट्रकच्या जोडणीत घालविली. त्यांच्या धाकट्या मुलाला कटनीच्या रस्त्यावर रात्री अपघाताने मृत्यू आला. तेव्हापासून त्या घरात दिवेलागणीनंतर कोणी चाकामागे बसत नाही. अशा घरातील माझी सव्वीस वर्षांची भाची जेव्हा म्हणाली, "मी मोटारींच्या शर्यतीत भाग घेणार," तेव्हा ताटातला घास ताटातच राहिला. ताई उठून आत गेली. आजोबांनी मात्र एवढेच विचारले, "गाडीचे ब्रेक कोण तपासणार?"

त्या प्रश्नाला उत्तर होते, म्हणून मी ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्याकडे हौशी मंडळींच्या शर्यती प्रथम विमानांच्या धावपट्ट्यांवर होत. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर वर्षानुवर्षे त्या भरविल्या. प्रेक्षक आणि मोटारी यांच्यामध्ये तेव्हा फारसे काही नसे. १९९० साली चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७१७ किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा खास मार्ग खुला झाला. २००३ साली कोइमतूरला दुसरा झाला. नवशिक्याला तेथे थेट गाडी दामटता येत नाही. आधी प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि राष्ट्रीय महासंघाचा परवाना. मग शर्यतीपूर्वी तांत्रिक अधिकारी प्रत्येक गाडी पाहतात. छत चेपू नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, चालकाला आसनाशी जखडणारे अनेकपदरी पट्टे, सहजी पेट न घेणारा पोशाख, अग्निशामक नळकांडे, आणि शिरस्त्राणाला जोडलेले, मानेला झटका बसू न देणारे साधन. हे शेवटचे साधन फॉर्म्युला वनमध्येसुद्धा २००३ पासूनच सक्तीचे झाले.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. भाचीने हा आकडा आईपुढे ठेवला आणि म्हणाली, "तिथे समोरून कोणी येत नाही, आई." ताईने तो वाचला व कागद घडी करून परत दिला. मला म्हणाली, "तू बरोबर जा. निदान घरचे कोणी तरी जवळ असेल." आकड्यांनी आईचे समाधान होते, असे मानणारा मनुष्य बहुधा स्वतः आई नसतो.

इटारसी-नागपूरमार्गे आम्ही चेन्नई गाठली. भाचीने एका संघाकडून जुनी मारुती एस्टीम शर्यतीपुरती भाड्याने घेतली होती. तिच्या दोन वर्षांच्या शिलकीचा मोठा भाग त्यात गेला.

शनिवारी सकाळी चालकांची सभा झाली. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, ओलांडणे बंद. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. लाल म्हणजे सर्वांनी वेग कमी करून परतावे. हे ध्यानात ठेवणे सोपे वाटते. पण घामाने भिजलेल्या शिरस्त्राणातून, इंजिनाच्या गर्जनेत ते दिसणे हीच परीक्षा आहे. मग शिक्षकांनी वळण समजावले. मला त्यातील 'अपेक्स' शब्दाचे भाषांतर करण्याची खोड आवरेना. कोशात 'शिखर' आहे. पण येथे तो वळणाच्या आतल्या कडेचा, गाडीने जवळजवळ स्पर्श करावयाचा बिंदू. मी 'वळणाची नाभी' सुचविले. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही नाभी म्हणा, मी तिथे पोहोचते."

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते, वाचकहो. ती सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरत नाही. म्हणून शहाणा चालक सरळ रस्त्यावरच वेग उतरवितो, संथपणे वळणात शिरतो आणि बाहेर पडताना वेग वाढवितो. नवशिका नेमके उलटे करतो. दुपारच्या सरावात आमच्या भाचीनेही तेच केले. वेगाने शिरली, घाबरली आणि वळणाच्या मध्यावर पाय एकदम उचलला. भार पुढच्या चाकांवर गेला, मागची हलकी होऊन घसरली आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरली. मी भिंतीमागे होतो. मला फक्त धुळीचा लोट आणि फडफडणारे पिवळे निशाण दिसले. ती कोणती गाडी हे कळेपर्यंत जो काळ गेला, तो मी ताईला अद्याप सांगितलेला नाही. भाचीने शिकविल्याप्रमाणे क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले होते. गाडी गवतात उलट तोंडाने उभी राहिली, इतकेच. रात्री ती फार बोलली नाही. वळणांचा नकाशा काढून दर वळणापाशी पाय कधी उचलायचा ते लिहीत बसली.

रविवारी शर्यत. लाल दिवे विझले आणि सगळ्या गाड्या एकदम पहिल्या वळणाकडे झेपावल्या. भाची बरीच मागे होती. दोन गाड्यांना तिने निळे निशाण पाहून मुकाट्याने वाट दिली. अखेरच्या दोन फेऱ्यांत मात्र तिच्यापुढील गाडी हाताच्या अंतरावर आली होती. ब्रेक थोडे उशिरा लावले असते तर कदाचित ती मागे पडलीही असती. परंतु भाचीने वेग आधीच उतरविला आणि खालून दुसरी आली. मला तेव्हा, खोटे कशाला बोलू, वाईट वाटले.

शिरस्त्राण काढून तिने आधी घरी फोन लावला. आजोबांनी क्रमांक विचारलाच नाही.

"ब्रेकचे पेडल खाली जात होते का?"

"हो, आजोबा. शेवटी शेवटी मऊ लागत होते."

"तेल तापले. मग काय केलेस?"

"आधीच दाबले. पुढच्या गाडीचा नाद सोडला."

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग आजोबांनी ब्रेकचे तेल किती तापले म्हणजे त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ का लागते, हे पंधरा मिनिटे समजावून दिले. पुढल्या वेळी तेल नवे घाल, असेही सांगितले. शेवटी फोन ताईने घेतला व ती सकाळपासून काही जेवली की नाही, एवढे विचारले.