भोपळ्यावरची मण्यांची नक्षी

ऑक्टोबर महिन्याची ३१ तारीख जवळ आली, कीं अमेरिकेंत, कॅनडांत आणि आयर्लंडमध्यें घरोघरच्या दारापुढें एक केशरी भोपळा येऊन बसतो. त्याला डोळे असतात, नाक असतें आणि दांत विचकून हंसणारें तोंडही असतें. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. सुगीच्या अखेरीस येणारा साउइन नांवाचा केल्टिक लोकांचा एक प्राचीन सणही याच सुमाराचा. त्या रात्रीं मृतांचे आत्मे जिवंतांच्या जगांत फिरकतात, अशी जुनी समजूत होती. त्यांना दूर ठेवण्यासाठीं आयर्लंडमधील खेडुत सलगम पोखरून त्यावर भेसूर तोंडें कोरीत व आंत दिवा ठेवीत. १८४५ सालीं तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ ओढवला. लाखों आयरिश लोक अमेरिकेस गेले आणि सणही त्यांच्याबरोबर गेला. तेथें सलगमापेक्षां मोठा व पोखरण्यास सोपा असा भोपळा मुबलक होता. मेक्सिकोंतील वाहाका प्रांतांत एका गुहेंत सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या भोपळ्याच्या बिया सांपडल्या आहेत, इतकें हें फळ त्या भूमीचें जुनें. महाराष्ट्रांत ज्याचे घारगे होतात, त्या तांबड्या भोपळ्याचें कुळही मूळचें अमेरिकेंतीलच.

या रम्य प्रथेंत एक अडचण मात्र आहे. सण मुलांचा आणि काम सुरीचें. भोपळ्याची साल गुळगुळीत व कठीण असते. सुरी घसरते आणि धरणाऱ्या हाताला इजा होते. म्हणून बहुतेक घरीं कोरणें वडिलांकडे जातें व मूल बाजूस उभें राहून पाहत बसतें. दुसरी गोष्ट अशी, कीं साल हें फळाचें चिलखत आहे. तें फोडलें, कीं गर उघडा पडतो, त्यावर बुरशी चढते आणि आठवड्याभरांत भोपळ्याचें तोंड आंत बसूं लागतें. न चिरलेला निरोगी भोपळा थंड व कोरड्या जागीं महिना-दोन महिने सहज टिकतो. तिसरें भय आंतल्या मेणबत्तीचें. दारापुढून झुलते पोषाख घालून मुलें जात असतां उघडी ज्योत तेथें असणें बरें नव्हे.

या तिन्ही अडचणींवर एक सोपा उपाय आहे. तो म्हणजे भोपळा न कोरतां त्यावर वितळजोड मण्यांचीं चित्रें लावणें. हे मणी प्लॅस्टिकच्या नळीचे बारीक तुकडेच होत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील वेनेर्सबोर्य गांवीं गुन्नार क्नुत्सोन यांनीं ते वृद्धांच्या उपचारासाठीं योजिले. परंतु त्यांचें खरें चीज केलें तें मुलांनीं. पुढें डेन्मार्कचे ‘हामा’ व अमेरिकेचे ‘पर्लर’ हे मणी जगभर पसरले.

नेहमींच्या मण्याची जाडी ५ मिलिमीटर असते. खुंट्यांच्या एका पाटीवर तो एकेक करून बसवावयाचा. चौकोनी मोठ्या पाटीवर प्रत्येक ओळींत २९ अशा २९ ओळी, म्हणजे ८४१ खुंट्या असतात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरांत ही रीत समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेथें ठिपके जोडावयाचे, येथें ठिपक्यांनींच चित्र भरावयाचें. वटवाघूळ काढावयाचें असेल, तर ओळींतील मण्यांची संख्या विषम धरावी, म्हणजे मधला मणी अंगाचा होऊन दोन्ही पंख सारखे उतरतात. १५ मण्यांची रुंदी घेतली, तर चित्र साडेसात सेंटिमीटरांचें होतें. मध्यम भोपळ्यास तें शोभतें. केशरी पृष्ठभागावर काळा व पांढरा रंग उठून दिसतो.

चित्र पुरें झालें, कीं त्यावर इस्त्रीसाठींचा खास कागद पसरावा आणि मध्यम तापलेली कोरडी इस्त्री हलक्या हातानें गोल फिरवावी. वाफ मुळींच नको. हें काम वडील माणसानेंच करावें. येथें घडतें तें असें: या प्लॅस्टिकचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. उष्णतेनें त्या साखळ्या एकमेकींवरून सरकूं लागतात, मण्यांच्या कडा मऊ होऊन पसरतात व शेजारच्या कडेला मिळतात. थंड होतांच तो सांधा पक्का होतो. मण्यांचीं छिद्रें निमुळतीं झालीं, परंतु बुजलीं नाहींत, कीं थांबावें. मग चित्र उलटून दुसरी बाजूही तशीच जोडावी. निवतांना तें वांकडें होऊं पाहतें, म्हणून सपाट ठेवावयाचें असल्यास जड पुस्तकाखालीं दाबावें.

परंतु भोपळा सपाट नाहीं. संत्र्यावर कागद गुंडाळूं गेल्यास त्याला सुरकुत्या पडतात. गोलावर सपाट वस्तु पसरत नाहीं, हा भूमितीचाच नियम आहे. म्हणून सबंध चेहरा एका तुकड्यांत करूं नये. दोन डोळे, नाक व तोंड असे निराळे तुकडे करावे. लहान तुकड्यास गोलाई जाणवत नाहीं. तोंडासारखा लांबट तुकडा ऊन असतांनाच, हातमोजे घालून, पालथ्या वाडग्यावर दाबून धरावा. निवाल्यावर तो तसाच वळलेला राहतो व भोपळ्याच्या फांकीवर नीट बसतो.

चित्र लावण्यास टाचणी पुरते; ती मण्याच्या छिद्रांतून सालींत टोंचावी. टाचणीचें भोंकही बुरशीस वाट देतें, म्हणून हें काम सणापूर्वीं एक-दोन दिवसच करावें. भोपळा नंतर स्वयंपाकाला घ्यावयाचा असेल, तर तो टिकाऊ जातीचा खाण्याजोगा आहे हें पाहून चित्रें दोऱ्यांत ओंवून देठाभोंवतीं बांधावीं. देठ धरून भोपळा कधीं उचलूं नये. तो मोडला, कीं कूज तेथूनच सुरू होते. जवळ मेणबत्ती तर नकोच, कारण ज्या उष्णतेनें मणी जुळले त्याच उष्णतेनें ते विरघळतील. विजेच्या बारीक दिव्यांची माळ भोंवतीं घातली, म्हणजे झालें.

या मण्यांचा आणखी एक उपयोग आहे. हॅलोवीनला मुलें दारोदार जाऊन खाऊ मागतात. परंतु शेंगदाणे, दूध वा अंडें यांनीं ज्यांच्या जिवावर बेतूं शकतें, अशा मुलांना तो खाऊ टाकून द्यावा लागतो. २०१४ सालापासून अमेरिकेंत ‘फेअर’ या संस्थेनें निळसर हिरव्या भोपळ्याची खूण देशभर प्रचारांत आणिली. असा भोपळा दारांत असला, कीं तेथें खाण्याखेरीज इतर वस्तु मिळते असें समजावें. मण्यांचें एक लहानसें वटवाघूळ अशा दारीं उत्तम भेट ठरतें. मात्र तीन वर्षांखालील बालकांच्या हातीं सुटे मणी देऊं नयेत. ते घशांत अडकतात.

सण सरला, कीं भोपळा मातींत जातो. परंतु हीं चित्रें डब्यांत राहतात व पुढच्या वर्षीं पुन्हां कामीं येतात. प्लॅस्टिक मातींत कुजत नाहीं, म्हणून तीं फेंकून न देणें हेंच शहाणपणाचें. कोरीव भोपळ्याचा डौल यांत नाहीं, हें खरें. परंतु सुरी हातीं न घेतां, एकेक मणी मोजून, सहा वर्षांचें मूलही ज्याला ‘हा मीं केला’ असें म्हणूं शकेल, तो भोपळा दारापुढें अधिक शोभतो.