लोहाची गरज आणि घरातील ताट : शैशव ते किशोरवयातील रक्तक्षयाचा विचार

प्रस्तावना :

बाळ गुटगुटीत असले की ते सुदृढ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वजन वाढते आहे, गाल भरलेले आहेत, दूध भरपूर पिते आहे, एवढ्यावर पालक निश्चिंत होतात. परंतु केवळ दुधावर वाढलेले असे बाळ पुष्कळदा फिकट असते आणि त्याच्या रक्तात लोहाचे प्रमाण कमी असते. रक्तक्षय वजनकाट्यावर दिसत नाही, ही त्यातील खरी अडचण होय. प्रस्तुत लेखात लोहाची गरज वयाच्या कोणत्या टप्प्यांवर एकाएकी वाढते आणि नेमक्या त्याच वेळी घरातील आहाराच्या चालीरीती मुलांना कशा अपुऱ्या पडतात, याचे विवेचन केले आहे.

प्रश्नाची व्याप्ती :

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ६ ते ५९ महिने वयोगटातील ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत हेच प्रमाण ५८.६ टक्के होते. महाराष्ट्रातील आकडा पाचव्या पाहणीत ६८.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही थोडा अधिक आहे. याउलट २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण पाहणीत १ ते ४ वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण ४१ टक्के आढळले. ही तफावत बुचकळ्यात टाकणारी आहे. पहिल्या पाहणीत बोटातून काढलेल्या थेंबाची, तर दुसरीत शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी झाली होती. तफावतीचे एक कारण हे असावे असे मानले जाते. मात्र कमीत कमी आकडा धरला तरी दर पाच बालकांमागे दोघांना रक्तक्षय आहे. आपल्या देशात लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे, हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे गांभीर्य अधिकच जाणवते.

पहिला टप्पा : उष्टावणानंतरचे दिवस

गर्भाच्या शरीरात लोहाचा साठा प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत होतो. जन्मानंतर नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतील रक्त बाळाकडे जाऊन हा साठा वाढतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो साधारणतः सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह अल्प असले तरी ते सहज शोषले जाते. सहा महिन्यांनंतर मात्र साठा संपत येतो आणि वाढीचा वेग कायम असतो. अमेरिकेतील शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ पुरुषाला केवळ ८ मिलिग्रॅम! वाटीभर अन्नही न खाणाऱ्या जिवाची ही गरज आहे.

या वयात आपण बाळाला काय देतो? वरणाचे पाणी, भाताची पेज, दुधात बुडवलेले बिस्कीट. बाळाच्या पोटाला हलके म्हणून हे पदार्थ निवडले जातात. त्यामागील माया खरी असली तरी त्यांत लोह जवळजवळ नसते. वरणाचे पाणी देऊन खालची डाळ मोठ्यांनी खाण्याची पद्धत तर उलटीच म्हणावी लागेल. गाई-म्हशीच्या दुधाविषयीचा आपला आदरही येथे आड येतो. या दुधात लोह कमी असते आणि त्यातील कॅल्शियममुळे इतर अन्नातील लोहाचे शोषण मंदावते. शिवाय पहिल्या वर्षात गाईच्या दुधामुळे काही बाळांच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होतो. म्हणून एक वर्षापर्यंत स्तनपान चालू ठेवून घट्ट वरणभात, डाळ-तांदळाची मऊ खिचडी, कुस्करलेली पालेभाजी, बाजरी-नाचणीचे सत्त्व आणि मांसाहारी घरांत शिजवून बारीक केलेले अंडे, मासे, कलेजी हे पदार्थ क्रमाक्रमाने द्यावेत. वर लिंबाचे चार थेंब पिळल्यास वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आपल्या आज्यांना लोहाचे महत्त्व शास्त्रीय परिभाषेविना उमगले होते. ते बाळाच्या वाटीपर्यंत मात्र पोहोचले नाही.

हा टप्पा हुकला तर काय होते? या काळात मेंदूची वाढ झपाट्याने होत असते आणि त्या वाढीस लोह आवश्यक असते. बेट्सी लोझॉफ व सहकाऱ्यांनी कोस्टारिकातील बालकांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शैशवात लोहाची दीर्घ कमतरता असलेली मुले उपचारानंतरही वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत बौद्धिक चाचण्यांत मागे राहिली, आणि गरीब कुटुंबांत ही दरी वाढत गेली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि वाट पाहून खात्री करून घेण्याजोगा हा विषय नव्हे.

मधली वर्षे :

शाळकरी वयात गरज तुलनेने स्थिर असते. या काळात माती, खडू वा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय दिसल्यास मुलाला रागावण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावे. ‘कॅल्शियम कमी असेल’ असे म्हणून घरोघरी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात; प्रत्यक्षात ही सवय अनेकदा लोहाच्या कमतरतेशी निगडित असते. जेवणासोबतचा चहा या वयापासूनच टाळावा, कारण त्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. जंतांसाठी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडेझोलची गोळी चुकवू नये.

दुसरा टप्पा : किशोरवय

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलांना दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह पुरते. १० ते १२ वर्षांच्या मुलीची गरज मात्र २८, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीची ३० मिलिग्रॅम होते. त्याच वयाच्या मुलाची २२. उंची वाढणे आणि मासिक पाळी सुरू होणे ही दोन कारणे येथे एकत्र येतात. नेमक्या याच वयात मुलगी घरकामात हातभार लावू लागते, आईबरोबर शेवटच्या पंगतीला बसते आणि उपवासही धरू लागते. साबुदाण्याच्या खिचडीत पोट भरते, पण साबुदाण्यात लोह नगण्य असते. उपवास करायचाच तर राजगिरा, शेंगदाणे, खजूर यांना प्राधान्य द्यावे. गूळ-शेंगदाणे चांगलेच, मात्र गुळाच्या एका खड्याने हिमोग्लोबिन वाढेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मुलगी दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते. घरात त्याला ‘आळस’ म्हणतात, शाळेत ‘दुर्लक्ष’. प्रस्तुत लेखिकेच्या मते किशोरींच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा हिमोग्लोबिनचा उल्लेख न करता होते, हे आपल्या चर्चांतील मोठे वैगुण्य आहे. पाचव्या पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांतही हे प्रमाण ३१.१ टक्के होते, म्हणून मुलगेही या विचारातून वगळता येत नाहीत.

गोळी, तपासणी आणि काळजी :

२०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार पाच वर्षांखालील बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी दिली जाते. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, शौचास काळे होते. एवढ्यावरून घाबरून पालक ती बंद करतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ बहुधा टळते आणि शौचाचा काळा रंग निरुपद्रवी असतो. मात्र या गोळ्या लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. लोहाची अतिमात्रा लहान बालकास प्राणघातक ठरू शकते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नसतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल, तर अन्यत्र थॅलेसेमियाचे वाहक आढळतात. नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर मात्रा स्वतःहून न वाढवता या तपासण्या करून घ्याव्यात. आणि उपचाराने हिमोग्लोबिन वाढले म्हणजे रिता झालेला साठाही भरला, असे नव्हे. तो भरण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या पुढे आणखी दोन ते तीन महिने घ्याव्या लागतात.