वाऱ्याशी शर्यत, गादीशी मैत्री

ताशी 65 ते 70 किलोमीटर वेगाने पळणारं जनावर दिवसाचे सोळा-सतरा तास लोळून काढतं! शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जे घरी आणतात, त्यांना पहिला धक्का बसतो तो हाच. आता हा घरभर उधळणार म्हणून लोक टीपॉय-फुलदाण्या हलवून ठेवतात आणि पाहुणा सरळ सोफा गाठतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ग्रेहाउंडचा ट्रॅक नाही. पंजाबात किला रायपूरच्या ग्रामीण खेळांत या कुत्र्यांच्या शर्यती गाजल्या, तसलं काही इकडे नाही. पण याच घराण्यातला गडी आपल्या माळावर आहेच. कर्जत-जामखेडकडे फिरताना लांब तोंडाचा, काटक पायांचा, पोट खपाटीला गेलेला कुत्रा दिसला, तर तो उपाशी आहे असं समजू नका. तो कारवान. आखूड केसांचा तो कारवानी, कानांवर आणि शेपटीला रेशमी झालर असलेला पश्मी. मुधोळ हाउंड म्हणतात तोही याच गोतावळ्यातला. ही सगळी मंडळी वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. त्यामुळे आयर्लंडच्या ट्रॅकवरचा ग्रेहाउंड आणि मिरजगावच्या रानातला कारवान यांच्या बऱ्याचशा सवयी जुळतात.

एवढी झोप कशाला?
ट्रॅकवरची शर्यत साधारण 500 मीटरची, अर्ध्या मिनिटात संपणारी. शरीर घडलंय ते त्या अर्ध्या मिनिटासाठी. दिवसभर दमानं चालत राहणं हे मेंढरांमागच्या कुत्र्याचं काम, याचं नव्हे. झोपायची तऱ्हाही बघण्यासारखी. पाठीवर उताणा, पुढचे पंजे मनगटात दुमडलेले, मागचे दोन्ही पाय छताकडे, मान एका बाजूला लोंबलेली आणि ओठ खाली ओघळल्यामुळे सगळे दात उघडे. नवखा माणूस घाबरून डॉक्टरांना फोन लावतो. लावू नका. कुत्रा असा झोपला म्हणजे त्याला हे घर आपलं वाटू लागलंय.

काही जण डोळे उघडे ठेवून झोपतात. इथे मात्र जपा. शर्यतीचा कुत्रा आयुष्यभर आपल्या खुराड्यात एकटा झोपलेला असतो. झोपेत अंगाला कुणाचा हात लागायची त्याला सवय नसते. दचकून तो गुरगुरेल, क्वचित तोंडही टाकेल. आधी नावाने हाक मारा, मान वर होऊ द्या, मग हात लावा. घरात लहान मुलं असतील तर हा नियम पहिल्याच दिवशी शिकवा.

‘बस’ म्हटलं तरी बसत नाही
हट्टी नाही तो. मांड्यांचे स्नायू एवढे भरलेले असतात की ढुंगण टेकून बसणं अनेकांना अवघड जातं. उभं तरी राहायचं, नाहीतर सरळ आडवं व्हायचं.

दात वाजले? खूश आहे!
तुम्ही दाराशी आलात की काही ग्रेहाउंड दातांवर दात आपटून कटकट आवाज करतात. तो आनंद. मग जवळ येऊन सगळा भार तुमच्या पायांवर टाकतात आणि तसेच टेकून राहतात. पंचवीस-तीस किलोंचं प्रेम आहे, पाय रोवून उभे राहा.

याउलट, फिरायला निघाल्यावर मधेच पुतळ्यासारखा थिजतो, ओढलं तरी हलत नाही. बहुतेक वेळा समोर काहीतरी नवीन असतं, गर्दी किंवा आवाज जास्त झालेला असतो. ओढाताण करू नका. थोडं थांबा, दिशा बदला.

जिना, आरसा, काचेचं दार, घोटीव शहाबादी फरशी यांनाही तो बिचकतो, कारण यातलं त्याने कधी काही पाहिलेलंच नसतं. जिन्यावर एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवून शिकवावं लागतं. फरशीवर चटई किंवा सतरंजीची वाट करून दिली की निम्मी भीती जाते.

पळताना तो हवेत असतो
प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. घोडा दौडताना एकदाच असा सुटतो; चित्त्याची चाल मात्र अशीच. आणि नजर! डोळे डोक्याच्या कडेला असल्यामुळे त्याला भोवतालचा जवळजवळ 270 अंशांचा पट्टा दिसतो. लांबवर ससा हलला, नाही तर प्लॅस्टिकची पिशवी उडाली, की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही.

म्हणून उघड्या रानात पट्टा सोडायचा नाही. त्याची मान डोक्याएवढीच रुंद, साधा पट्टा सरकन निघून येतो. रुंद आणि ओढ बसली की आवळणारा पट्टा घ्या. आपल्याकडे तर हे दुप्पट गरजेचं. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य याच कर्जत तालुक्यात आहे. हौसेने कुत्रा सशामागे किंवा हरणामागे सोडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात मर्दुमकी कसलीच नाही.

डॉक्टरांना आवर्जून सांगा
अंगावर चरबी नावाला, केस तोकडे. डिसेंबरातल्या नगरी थंडीत त्याला झूल हवीच. घोंगडीची घडी दिलीत तर जागचा उठणार नाही. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात, म्हणून परदेशात ते हमखास रक्तदाते. थायरॉइडचा आकडा मुळातच कमी येतो. तो आजार समजून औषधं सुरू होऊ नयेत. थायोपेन्टोनसारखी भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. शस्त्रक्रियेआधी हे बोलून घ्या.

मानमरातबही कमी नाही
साताऱ्याच्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात; संगम माहुलीला त्याची समाधी आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिथल्या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. टपाल खात्याने 2005 मध्ये मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. तिकडे इंग्लंडमध्ये 1929 आणि 1930 ची डर्बी जिंकणारा मिक द मिलर आजही ट्रिंगच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे.

ट्रॅक मात्र एकामागून एक बंद होताहेत. मकाऊचा 2018 मध्ये बंद झाला आणि पाचशेवर कुत्र्यांना घरं शोधावी लागली. फ्लोरिडातल्या शर्यती 2020 अखेर थांबल्या. तिकडे निदान दत्तक देणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे पाय मंदावलेल्या कारवानाला कुणी विचारत नाही; कुणी त्याला लांब नेऊन सोडूनही देतं. पाळीव जनावराला असं उपाशी मरायला सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. तुमच्या वस्तीवर असा थकलेला कारवान दिसला तर त्याला घरात घ्या. जागा लागते एका गोधडीपुरती, आणि सकाळ-संध्याकाळ पट्टा धरून थोडं चालणारं माणूस.